साखरेच्या तक्त्यामागचा नंबर

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

तीन ओळींचं पत्र, इंग्रजीतलं, खाली निळा शिक्का. हरीश मेस्त्री यांच्या प्रकरणातला म्हणून जो कागद सांगितला जातोय, तसा कुठलाही कागद आमच्याकडे आलेला नाही. ते पत्र हरीशच्या बायकोच्या हातात देताना तुमच्या माणसानं निदान मान तरी खाली घातली. तुम्ही आतल्या खोलीत होता. दार उघडं होतं. तुमचा चहाचा कप आणि तुमची कोपरं तिला दिसत होती.

आता त्या कागदाची गोष्ट ऐका. तुम्हाला ठाऊक नाही असाही तिचा एक तुकडा आहे, तो शेवटी येईल. मध्येच उठू नका.

यंदा या अरबी मुलखात, बाहाकडच्या डोंगरात डाळिंब उशिरा भरलं आणि माकडं लवकर उतरली. ही माकडं आपल्या गावाकडच्या केलड्यांसारखी नव्हेत. कुत्र्यासारखं लांब तोंड, नराच्या खांद्यावर करड्या केसांची झूल, आणि चाळीस-पन्नासांची टोळी. एक नर धोंड्यावर बसून राखण करतो, बाकीची बागेत शिरतात. एक डाळिंब खातात, दहा चावून टाकतात. हरीशच्या मालकाची, अबू रय्यानची, बाग डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेली, दगडी बांधांची. सकाळी हरीशची बायको मधुमती ड्यूटीला निघे तेव्हा त्या पायऱ्यांवर लाल दाण्यांचा सडा पडलेला असे, त्यावर माश्या, आणि मधोमध हरीश गोफण फिरवत उभा.

गोफण त्यानं स्वतः विणलेली, नायलॉनच्या दोरीची. पहिल्यांदा ती फिरवली तेव्हा अबू रय्यान पोट धरून हसला होता. "वल्लाह हरीश, तू माकडाला मारतोस की माझ्या गाडीच्या काचेला?" दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः शिकायला लागला.

असा माणूस होता तो. हे मुद्दाम सांगायला हवं. सहा वर्षं हरीश त्याच्याकडे होता. पंप, ठिबकच्या नळ्या, फवारणीचं मशीन, पिकअप, सगळं हरीशच्या हाताखाली. मधुमती आधीपासून गावातल्या आरोग्य केंद्रात सिस्टर. बागेच्या टोकाला दोन खोल्या होत्या, त्या अबू रय्याननं या जोडप्याला दिल्या. ईदला घरातून ताट येई. मधुमतीनं शराफियाच्या बाजारातून आणलेल्या कोकमाची कढी त्यानं एकदा चाखली आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "हे औषध आहे का?" पण दुसरा पेला मागून घेतला.

आणि त्याची म्हातारी आई. तिला सगळे खाला म्हणत. साखरेनं तिच्या उजव्या पायाचा अंगठा आधीच गेलेला, टाचेला जखम. आठवड्यातून तीनदा मधुमती केंद्राकडून घरी जाऊन ती जखम धुऊन बांधायची. तिचा एक तक्ता होता, जाड पांढऱ्या कागदाचा. त्यावर कडेला साखरेचे आकडे, आणि मधोमध मधुमतीनं हातानं काढलेला पाय. जखम कुठे आहे ते लाल पेनानं, दर आठवड्याला किती आकसली ते निळ्यानं. खालाला वाचता येत नव्हतं. पण तो पाय तिला कळायचा. तक्ता हातात घेऊन ती विचारायची, "माझा पाय आज कसा आहे?" आणि बघायची कागदाकडे, पायाकडे नाही.

ऑगस्टच्या शेवटी गारा पडल्या. बोराएवढ्या गारांनी वरच्या तीन पायऱ्यांची फळं फुटली. उरलेल्यांवर माकडं तुटून पडली. अबू रय्यानकडे शिकारीच्या बंदुकीचा परवाना होता, बंदूक मात्र जुनी, नळी गंजून भोक पडलेली. माकडं मारायची नव्हती. त्यालाही मनाई आहे तिथे. बार काढून पळवायची. एका शुक्रवारी दुपारी तो पिकअपमधून कांबळ्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन हरीशच्या दारात आला.

"हरीश, तू सांगितलं होतंस, तुझा बाप बंदुका दुरुस्त करायचा."

"हो, सरकारी लायसन होता त्येका." हरीश अरबी, हिंदी आणि मालवणी अशी मिसळूनच बोलायचा. सहा वर्षांत अबू रय्यानला ती भाषा चांगली कळायला लागली होती.

"ही रय्यानच्या मामाकडून घ्यायची म्हणतोय. माझ्या बायकोचा भाऊ. तो म्हणतो, मित्राची आहे, कागद मागाहून देतो. तू बघ. चांगली आहे का बघ. आणि..." अबू रय्याननं दाढीवरून हात फिरवला. "सरळ आहे का तेही बघ. चोरीचा माल माझ्या नावावर नको."

हे त्याचे शब्द, साहेब. मधुमती दारात लसूण सोलत बसली होती, तिनं ऐकलेले.

ती उठली. "हरीश, तू हात लाव नको. आपण परदेशी माणसां. हय बंदुकीक शिवणां म्हणजे गुन्हो."

"अगो, मी इकत घेतंय काय? बघून देतंय."

"बघूक डोळे पुरे. हात कित्याक?"

"डोळ्यांनी नंबर दिसता? तो आत आसता." हरीशच्या चेहऱ्यावर तिला ठाऊक असलेलं तेज आलं होतं. पंप उघडतानाही येई, पण इतकं नाही. बापाच्या दुकानात लहानपणी भाता मारलेला माणूस तो. पुढे बाप गेला, लायसन गेलं, दुकानाला कुलूप लागलं, हा पंपांच्या मागे लागला. आणि आज सहा वर्षांनी कोणीतरी त्याला त्याचं खरं काम विचारत होतं. "मधु, एक जाडसो कागद दी गो. आणि शिसपेन्सिल."

घरात जाड कागद म्हणजे खालाचा मागच्या महिन्याचा भरलेला तक्ता. आकडे केंद्राच्या वहीत उतरवून झालेले. तिनं तो दिला. पाठ कोरी होती.

हरीशनं तो आधी अबू रय्यानपुढे धरला. "पयली सही."

"कसली सही?"

"माझ्या बापाचो नियम. आधी वहीत लिहायचां, बंदूक कोणी आणली. तेची सही. मगच बंदुकीक हात." त्यानं हिंदीत पुन्हा समजावलं.

अबू रय्यान हसला. "तू पोलीस झालास की काय?" पण पेन काढलं. कागदाच्या तळाला अरबीत लिहिलं, ही बंदूक मी हरीशकडे तपासायला आणली. तारीख घातली, लांबलचक सही ठोकली. मौजेनं केली, अगदी गोफण फिरवावी तशी.

मग हरीशनं कांबळं उघडलं. दुनळी होती. दस्त्यावर चरे, नळ्या मात्र काळ्याभोर. त्यानं आधी ती बिजागरीवर मोडून आत काडतूस नाही हे बघितलं. नळीत आरपार आभाळ पाहिलं. मग बंदूक उलटी करून नळीच्या पोटावर कागद ठेवला आणि वरून पेन्सिल आडवी घासली. जुन्या नाण्यावर कागद ठेवून मुलं घासतात तशी. करड्या शिशातून पांढरे आकडे वर आले. चार, एक, आठ, सात, तीन. नळी जिथे मोडते तिथल्या लोखंडावर दुसऱ्यांदा घासलं. तेच आकडे.

"जुळतात," अबू रय्यान म्हणाला.

हरीश अजून वाकलेलाच होता. त्यानं आकड्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग नखानं दाखवलं. "ह्यां लोखंड बघा. भोवती जुना, बारीक खड्डे. आकड्यांखाली गुळगुळीत. कोणीतरी कानशीन घासून नवे आकडे ठोकले. आणि सात बघा, वाकडो. कारखान्यात सात वाकडो पडना नाय."

मग नळीखालचं लाकूड त्यानं खुंटी दाबून सोडवलं. त्याच्या आतल्या बाजूला एक लोखंडी पट्टी असते, बंदूक अंगावर घेऊन हिंडणाऱ्यालाही ती जन्मभर दिसत नाही. पट्टीवर तेलाचा काळा थर. तो थुंकीनं, बनियनच्या टोकानं पुसला. कागद ठेवला. पेन्सिल फिरवली.

दोन, शून्य, सहा, पाच, नऊ.

तिघंही त्या कागदाकडे बघत राहिले. वर बागेत माकडं कलकलत होती. कोणी उठलं नाही.

"तीन जागी नंबर आसता," हरीश हळू म्हणाला. "चोर दोन जागी घासता. तिसरी तेका ठावक नसता. अबू रय्यान, ही घेव नको. चोरीची असा."

अबू रय्यान बांधावर बसला. त्याच्या बायकोचा भाऊ. पुढच्या महिन्यात त्याच भावाच्या मुलीशी त्याच्या मुलाचा, रय्यानचा, साखरपुडा.

"परत देतो त्याला," तो म्हणाला. "मालेश, जाऊ दे. मी बघितलीच नाही म्हणतो."

"परत दिलास तर तो दुसऱ्याक इकतलो," हरीश म्हणाला. "उद्या तिनं माणूस मेलो तर? आणि मधल्या मधी तुझ्या हाताचा माग. चौकीत जमा कर. आमच्या गावाक दर इलेक्शनाक सगळ्यो बंदुको चौकीत जमा करतत. माझो बापूस धा-धा बंदुको पोत्यात गुंडाळून यष्टीन नेई. पोलीस चाय देत. जमा केली काय माणूस मोकळो."

साहेब, तुम्हीही आपल्याकडचेच. तुम्हाला हे माहीत आहे. शेतीसंरक्षणाच्या बंदुका निवडणुकीला चौकीत जातात, पावती मिळते, निकाल लागला की परत येतात. हरीशच्या डोक्यात बंदूक आणि चौकी यांचं नातं एवढंच होतं. जो घेऊन येतो तो सरळ माणूस. ज्याच्या मनात पाप तो लपवतो. दुसरी कुठली रीत असेल हे बापजन्मात त्याच्या मनात आलं नव्हतं.

अबू रय्याननं कांबळं बंदुकीवर पुन्हा ओढलं. मग म्हणाला, "मी ती हातात घेऊन चौकीत शिरलो तर संध्याकाळपर्यंत सगळ्या खोऱ्याला कळेल. बायको माहेरी जाईल. तू घेऊन जा. मी आजच चौकीत फोन करतो, ओळखीचा आहे तिथे. उद्या सकाळी तू पुढे हो, मी मागून माझ्या गाडीनं येतो. आत दोघं जाऊ. खलास."

"अबू रय्यान," मधुमती म्हणाली, "तुम्ही बरोबरच जा ना. एकाच गाडीतून."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "सिस्टर, तुला माझ्यावर भरवसा नाही? माझ्या आईचा पाय तुझ्या हातात आहे."

त्यानं असं काही दाखवलं होतं की ज्याच्यावर बोट ठेवणं म्हणजे आपलाच कोतेपणा. तो गेल्यावर ती हरीशवर चिडली. "तां गाव होतां. हय तुझ्या बापाशीक कोण वळाकता?"

"मगे काय करूचां? बागेत पुरूची? आपल्या खोलीत ठेवूची?"

तेही खरंच होतं.

शनिवारी सकाळी धुकं होतं. बांध दिसत नव्हते, नुसत्या माकडांचा आवाज वरून येत होता. हरीशनं आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. बंदुकीला खताची रिकामी गोण गुंडाळली, सुतळीनं तीन ठिकाणी बांधली. गाठी कशा माराव्यात तेही बापाचंच. मधुमतीनं कागद मागितला.

"ह्यो हयच ऱ्हवांदे. तेलाचे हात लागतले," ती म्हणाली, आणि फोननं त्याचा फोटो काढून ठेवला.

तो पिकअपमध्ये बसला. गोण शेजारच्या सीटवर, पाहुण्यासारखी. वळणावर दिवे एकदा चमकले आणि धुक्यात गेले. ती ड्यूटीला जायला निघाली तेव्हा अबू रय्यानची गाडी त्याच्या दारात उभी होती. काचांवर दव तसंच. तिला वाटलं, निघेल आता.

दुपारी ड्रेसिंग रूममध्ये ती एका धनगराच्या हाताला टाके घालत होती. ताजुद्दीन दारात आला. ताजुद्दीन हैदराबादचा, गावात किराणा दुकान चालवतो, चौकीसमोरच. एरवी येताना काहीतरी चेष्टा घेऊन येणारा माणूस. आज नुसता उभा राहिला.

"भाभी, टाका पूरा कर लो पहले."

तिनं टाका पुरा केला. गाठ मारली, दोरा कापला. हात धुतले.

"हरीशभाई को बिठा लिया. सुबह नौ बजे से. मैं शटर उठा रहा था, देखा मैंने. गोणी लेके अंदर गए, सलाम करके. गेटवाले ने पूछा क्या है, तो बोले बंदूक है, जमा करनी है. उसके बाद चार आदमी एकदम... भाभी, उनको जमीन पे सुला दिया."

"आणि अबू रय्यान?"

"आया ना. ग्यारह बजे आया. बीस मिनट में बाहर. मैंने पूछा तो बोला, मुझे कुछ नहीं मालूम, मेरा आदमी कहीं से उठा लाया." ताजुद्दीननं टोपी काढून पुन्हा घातली. "फिर बोला, अच्छा आदमी था."

था. हा शब्द तिनं केंद्रापासून बागेपर्यंत चालताना पन्नासदा ऐकला.

मंगळवारी तिला दहा मिनिटं भेटू दिलं. हरीशच्या हनुवटीला फरशीचं खरचटलेलं, इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण गेलेलं. तो बोलत होता अबू रय्यानबद्दलच. "येतलो तो. घाबरलो आसतलो. बायकोचो भाव ना तो. येतलो." मग थोड्या वेळानं, "कागद असा मा गो तुझ्याकडे?"

"असा."

"मगे भियाचां कारण नाय. तेची सही असा तेच्यार."

त्या आठवड्यात अबू रय्यान तिला दोनदा दिसला. दोन्ही वेळा पाठमोरा. तिसऱ्या दिवशी ती खालाच्या ड्रेसिंगला गेली. जाऊ नये असं मनात दहादा आलं. पण जखमेनं कोणाचं काय केलं होतं? दोन दिवस पट्टी तशीच राहिली तर टाच पुन्हा सडते. ती गेली. अबू रय्यानच्या बायकोनं समोरचं दार उघडलं नाही, बोटानं मागचं दाखवलं. सहा वर्षं ती पुढच्या दारानं येत होती. मागच्या दाराशी कोंबड्यांची शीट होती, तिथे चपला काढायला लावल्या. आत खालानं नेहमीसारखं विचारलं, "माझा पाय कसा आहे?" मधुमतीनं नवा तक्ता दाखवला. पाय काढायला तिचा हात वळला नव्हता, नुसते आकडे होते. म्हातारीनं कागद उलटसुलट केला. "पाय कुठाय?"

बाहेर बागेत पत्रा बडवल्याचा आवाज येत होता. अबू रय्यान स्वतः बडवत होता. माकडं भीत नव्हती.

चौकीत तिनं फोनमधला कागदाचा फोटो दाखवला. तिथला माणूस भला होता. म्हणाला, फोटो कोणीही बनवतो, मूळ कागद हवा, आणि तुमच्या कोणा अधिकाऱ्यामार्फत दिलात तर वजन पडेल. तुझ्या हातचा दिलास तर नवऱ्याला वाचवायला लिहून घेतला म्हणतील.

तुमच्या कोणा अधिकाऱ्यामार्फत. म्हणून ती तुमच्याकडे आली, साहेब.

तुम्ही आपल्या वकिलातीचे अधिकारी, महिन्यातून एकदा डोंगर चढून येता. हॉटेलच्या हॉलमध्ये टेबल लागतं, मागे फलक, पुढे आपल्या माणसांची रांग. कोणाचा इकामा, राहण्याचा परवाना, संपलाय, कोणाचा पगार अडकलाय, कोणाचं प्रेत न्यायचंय. ताजुद्दीननं तिला गाडीनं आणलं. चार तास ती रांगेत उभी होती. पाय सुजले. ते तिला नवीन नाही, पण ड्यूटीवर उभं राहणं वेगळं.

तिचा नंबर आला. तिनं हिंदीत सुरुवात केली. तुम्ही फाइलवरचं नाव वाचलंत आणि मान वर केलीत.

"मेस्त्री? म्हणजे तुम्ही आपल्याच. मग मराठीत बोला की! कुठल्या तुम्ही?"

"कणकवलीकडची."

"अरे वा. आमचं आजोळ तिकडेच. बसा, बसा. ह्यांना पाणी द्या."

साहेब, खरं सांगा, ते पाणी नसतं दिलंत तर बरं झालं असतं. सात दिवसांत तिला कोणी बसा म्हटलं नव्हतं. ती बसली आणि रडली. तुम्ही ताई म्हणालात. तिनं सगळं सांगितलं, आधी सही मग हात, तीन नंबर, गोण, सुतळी. तिनं कागद पुढे ठेवला. तुम्ही चष्मा लावून तो उजेडात धरलात, पेन्सिलीच्या करड्या पट्ट्यांवरून बोट फिरवलंत. मागे उलटा केलात, "हे पायाचं चित्र काय?" म्हणून हसलात. मग म्हणालात, "हा कागद म्हणजे तुमच्या नवऱ्याची सुटका आहे, ताई. मूळच लागेल. माझ्याकडे द्या."

ती नर्स आहे. तिच्या धंद्यात जे दिलं त्याची नोंद होते, गोळीसुद्धा. तिनं पावती मागितली. तुम्ही जरा दुखावल्यासारखं केलंत. "आपल्या माणसाकडे पावती मागता?" तिला लाज वाटली. तरी ती उठली नाही. तेव्हा तुम्ही कंटाळून त्याच कागदाच्या वरच्या कोपऱ्यात हिरव्या शाईनं काहीतरी लिहिलंत, तिच्यापुढे धरलंत. "झालं समाधान?" आणि फाइलमध्ये घातलात.

कागदाची पोच कागदावरच. आणि कागद तुमच्याकडे. हे तिला बाहेर पायऱ्या उतरताना कळलं. ताजुद्दीन म्हणाला, "वापस जाके दूसरी लिखवा लो." ती म्हणाली, "राहू दे. मराठी आहेत ते."

दोन आठवडे गेले. तुमचा फोन लागला नाही. मग एक दिवस तुमच्याच माणसानं सांगितलं, समजुतीनं मिटतंय, घाई करू नका. कफील, म्हणजे मालक अबू रय्यान, गुन्ह्याचा आग्रह धरणार नाही. नवऱ्यानं बंदूक सापडली एवढं कबूल करायचं, मग सरळ गावी पाठवतील. पुन्हा या देशात येता येणार नाही, एवढंच.

हे ती हरीशला सांगायला गेली. त्यानं ऐकून घेतलं. हनुवटीवरची खपली खाजवली.

"सापडली म्हणू?" तो म्हणाला. "खय सापडली? माझ्या बापाशीन शंभर बंदुको चौकीत नेल्यान. एक दिवस कोणी तेका इचारूक नाय, खय सापडली म्हणून." मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "कागद खय असा?"

ती पाच तास बसनं प्रवास करून तुमच्या कार्यालयात आली. तिथे तीन ओळींचं पत्र मिळालं.

परत आली त्या दिवशी खोल्या आठवड्यात रिकाम्या करा असा निरोप होता. तिनं भांडी खोक्यात भरली. हरीशची गोफण खिळ्याला होती, ती काढून वर ठेवली. आणि वार ड्रेसिंगचा होता म्हणून ट्रे घेऊन मागच्या दारानं गेली.

घरात खाला एकटीच होती. टाचेवरची पट्टी सोडली. जखम चांगली होती. गुलाबी, कोरडी, कडेनं नवी कातडी. मधुमतीच्या हाताचं काम. ती पायावर वाकलेली असताना म्हातारीनं उशीखाली हात घातला.

"सिस्टर, तुझा कागद घे. तुम्ही लोक विसरता आणि माझ्या पायाची वाट लागते."

तिच्या हातात तक्ता होता. मागच्या महिन्याचा. लाल पेनाची जखम, निळ्या पेनानं आकसत आलेली.

"हा कुठे मिळाला, खाला?"

"तुमच्याकडचा तो मोठा माणूस आला होता. सूटवाला. कॉफी प्यायला, खजूर खाल्ले. त्यानं दिला माझ्या पोराला. तो गेल्यावर माझा पोरगा बसला फाडायला." म्हातारीनं दाराकडे बोट दाखवलं. "मी इथून बघते तर माझा पाय! माझा पाय फाडत होता तो. मी ओरडले. आईचा पाय फाडतोस, म्हटलं. तेव्हा त्यानं खालची पट्टी तेवढी फाडली, बाकीचा माझ्यापुढे टाकला आणि बाहेर गेला. रडत होता. का रडत होता, सिस्टर?"

मधुमतीनं कागद उलटला.

तीन करड्या पट्ट्या होत्या. चार एक आठ सात तीन, दोनदा. दोन शून्य सहा पाच नऊ, एकदा. तळाची पट्टी गेलेली, सहीसकट. पण सही लांबलचक होती. मौजेनं केलेली. तिचं एक शेपूट फाटलेल्या कडेच्या अलीकडे राहिलं होतं, बोटभर. फोनमधल्या फोटोवर ठेवलं की बरोबर बसतं.

तिनं आधी पट्टी बांधून पुरी केली. मग टोक चिकटवलं. म्हातारीचा पाय मांडीवरून उचलून उशीवर ठेवला. नव्या तक्त्यावर पेनानं एक पाय काढून दिला, घाईत, वाकडातिकडा. खालानं तो घेतला आणि खूष झाली.

तिनं अबू रय्यानला शोधलं नाही. तो भेकड आहे, आणि त्याचं त्याला कळलंय. त्याचा हिशेब हरीश करील, करायचा तर. त्याच्या घरात लग्न ठरत होतं, बायको होती, खोरं होतं. तुमचं काय होतं, साहेब? तुमच्या घरातलं कोण माहेरी जाणार होतं?

येत्या रविवारी हरीशचा जबाब आहे. तो 'सापडली' म्हणणार नाही. बायकोनं त्याला म्हणायला सांगितलेलंही नाही. फाटका कागद आता तिच्याकडे आहे आणि या वेळी ती तो कोणाच्या हातात देणार नाही. स्वतः उभी राहून दाखवील, मधे काच असली तर काचेला लावून.

तुमचं पत्र म्हणतं, असा कागद तुमच्याकडे आलाच नाही. मग त्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरव्या शाईनं, मराठीत, 'मूळ कागद मिळाला' असं लिहून खाली तारीख आणि सही कोणी केली? आणि तुम्हाला मिळालेला कागद त्या म्हातारीच्या उशीखाली कसा गेला?

रविवारच्या आत सांगा. लेखी सांगा. हिरव्या शाईनंच सांगा.